सिस्टर, ती गोळी तुम्ही पुन्हा सुरू केलीत

सिस्टर,

त्या दुपारी व्यसनमुक्ती केंद्रातून तुमचा फोन आला तेव्हा मी तुम्हाला अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं, "त्याच्या गोळ्या मीच बंद केल्यात. लिव्हरला त्रास नको म्हणून." तुम्ही क्षणभर गप्प राहिलात. मग विचारलंत, "तो आत्ता कुठे आहे?" झोपलाय, म्हटलं. "आत जाऊन बघा, हाकेला ओ देतोय का, श्वास नीट चालतोय का. मी फोन धरून आहे."

तो उठला. पण डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. चौदा महिन्यांनंतर माझ्या धाकट्या भावाने पुन्हा गर्द घेतली होती. त्याला त्या वाटेवर परत ढकलणारी मी होते.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण माझ्यासारखी चूक प्रेमापोटी करणारं माणूस आणखी एखाद्या घरात असणारच. तुमचं नाव घालत नाही. त्याचंही नाही.

तो बुप्रेनॉर्फिनवर, म्हणजे गर्दची ओढ आवरणाऱ्या जिभेखालच्या गोळीवर, स्थिरावला होता. आठवड्याच्या गोळ्या कुलपाच्या डब्यात घरी ठेवायच्या आणि किल्ली माझ्याकडे, असं तुमच्यासमोरच ठरलं होतं. मग रक्ताचा रिपोर्ट आला : लिव्हरला इजा करणाऱ्या हिपॅटायटिस सी विषाणूची चाचणी पॉझिटिव्ह, लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी वाढून ११८. मी गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडला. त्यात यकृताचा आजार असल्यास डॉक्टरांना सांगा, असं लिहिलेलं. मी ते 'गोळी लिव्हरला घातक आहे' असं वाचलं. त्याच रात्री किल्ली लपवली. तीन दिवस तो टर्कीने, म्हणजे गोळी तुटल्यावर होणाऱ्या त्रासाने, तळमळत होता, "ताई, निदान अर्धी तरी दे" म्हणत होता आणि मी त्याचे पाय चेपत बसले होते. चौथ्या दिवशी तो घरातून सटकला.

तुम्ही मला त्याच दिवशी त्याला घेऊन यायला सांगितलंत. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या गोळी द्याल. पण तुम्ही थांबलात. अंगात गर्द असताना बुप्रेनॉर्फिन दिलं तर ते मेंदूतल्या त्याच जागांवरून गर्दला हुसकावून लावतं आणि टर्की एकदम उसळते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जांभया सुरू झाल्या, डोळ्यांना पाणी आलं, अंगावर काटा आला, तेव्हा तुम्ही पहिला छोटा डोस त्याच्या जिभेखाली ठेवायला दिलात.

त्या वाट पाहण्यात तुम्ही माझ्याशी जे बोललात, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तो कागद तुम्ही माझ्याच हातात ठेवून म्हणालात, "ताई, इथे 'सांगा' लिहिलंय. 'थांबवा' कुठे लिहिलंय?" मग समजावून सांगितलंत की लिव्हरमध्ये विषाणू असणं वेगळं आणि लिव्हरचं काम ढासळणं वेगळं. एसजीपीटी वाढलं म्हणजे पेशींना इजा होतेय. पण लिव्हर काम करतंय की नाही ते बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ यांवरून कळतं. त्याचे हे तिन्ही आकडे ठीक होते. अशा माणसाला केवळ हिपॅटायटिस सी आहे म्हणून गोळी बंद करायचं किंवा डोस कमी करायचं कारण नसतं.

लिव्हर खरंच खचलं असेल, तर मात्र गोष्ट बदलते. त्याच्या गोळीत बुप्रेनॉर्फिनसोबत नॅलॉक्सोन असतं, म्हणजे नशेचा असर रोखणारं औषध, कुणी गोळी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून घातलेलं. निरोगी लिव्हर पोटातून आलेलं नॅलॉक्सोन जवळजवळ सगळं तिथल्या तिथे मोडून टाकतं, म्हणून गोळी नेमाने घेणाऱ्याला ते जाणवत नाही. सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हर आकसून कडक होणं, फार पुढे गेला की हे मोडणं थांबतं, बुप्रेनॉर्फिनही रक्तात जास्त साचतं, पण नॅलॉक्सोन त्याहून कितीतरी पटींनी वाढतं आणि गोळीच्याच कामात आडवं येतं. अशा पेशंटला ती जोडगोळी देत नाहीत. नुसतं बुप्रेनॉर्फिन, तेही कमी डोसवर आणि डोळ्यात तेल घालून. गर्द सोडवायला देतात ते दुसरं औषध, मेथाडोन, तेसुद्धा लिव्हरमध्येच मोडतं, म्हणून तिथेही जपून. पण हे सगळं डॉक्टरने आकडे बघून ठरवायचं. किल्ली लपवणाऱ्या बहिणीने नाही. हे शेवटचं वाक्य माझं आहे, तुम्ही असं काही बोलला नाहीत.

तुम्हीच मला २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाबद्दल सांगितलंत. काहींना बुप्रेनॉर्फिन, काहींना मेथाडोन देऊन २४ आठवडे त्यांच्या लिव्हरवर लक्ष ठेवलं होतं. दोन्हींपैकी कुठल्याही औषधाने लिव्हर बिघडवल्याचा पुरावा मिळाला नाही. लिव्हरला धोका होता तो सुईतून येणाऱ्या विषाणूचा आणि ही गोळी त्याला सुईपासून दूर ठेवत होती. ज्या गोळीने त्याचं लिव्हर राखलं, तीच मी काढून घेतली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणखी एक गोष्ट मनात सलते. रिपोर्टच्या आधी कित्येक महिने तो म्हणायचा, "डोस पुरत नाही, अंग मोडून येतं, मळमळतं." मी त्याला फटकारायचे. गोळ्या वाढवून घ्यायची निमित्तं आहेत, म्हणायचे. तुम्ही त्याला एकच प्रश्न विचारलात : हे डोसच्या आधी होतं की नंतरही राहतं? टर्की डोसची वेळ जवळ आली की चढते आणि डोस घेतला की ओसरते. त्याचा थकवा मात्र दिवसभर तसाच असायचा. तिथेच तुम्हाला शंका आली आणि तुम्ही रक्त तपासायला लावलंत.

ते रक्त काढणंही मला आठवतं. त्याच्या हातांच्या शिरा कधीच्या बसलेल्या. आधी एका ठिकाणी सहा वेळा टोचून "याच्यात रक्तच नाही" म्हणून त्याला घालवून दिलं होतं. तुम्ही त्यालाच विचारलंत, "कुठली शीर चालते? तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत." त्याने उजव्या हाताच्या पाठीवरची दाखवली. तुम्ही कोमट फडक्याने हात शेकलात आणि एका टोचणीत रक्त आलं. आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीची कुणी लाज काढली नाही, असं त्याच्या बाबतीत फार दिवसांनी घडलं.

त्याला पटत नव्हतं की आपल्याला लागण झालीच कशी. सुई कधी कुणाची घेतली नाही, म्हणे. नशा तयार करायचा चमचा, कापूस, पाणी तरी कुणाबरोबर वाटून घेतलंस? तुम्ही विचारलंत आणि तो गप्प झाला. सिरिंजमध्ये उरलेल्या थेंबभर रक्तात हा विषाणू प्रयोगशाळेत ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिलेला आढळलाय, हे ऐकून मीही गप्प झाले.

मग उपचार. अँटिबॉडी म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेल्याची खूण, तो आज आहे का ते आरएनए तपासणीत कळतं. ती तपासणी झाली, विषाणू होता. हिपॅटायटिस बी दडलेला नाही ना, हेही आधी बघितलंत, कारण सीचा उपचार सुरू झाल्यावर तो उसळू शकतो. नव्हता, मग त्याची लस सुरू केलीत. बारा आठवडे सोफोसबुविर आणि वेलपाटासविरची रोज एक गोळी, केंद्रात बुप्रेनॉर्फिनचा डोस मिळायचा त्याच खिडकीत. बुप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळेपर्यंत त्याला बोलता येत नसे, तेवढी मिनिटं तुम्ही बोलायचात, मग तो पाण्यासोबत दुसरी गोळी घ्यायचा. दोन्ही औषधं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, डोस बदलावा लागला नाही.

पाचव्या आठवड्यात तो घसरला, दोनदा. तुम्हाला त्याने स्वतः सांगितलं. मला वाटलं, आता उपचार बंद. निदान तुम्ही चिडाल. तुम्ही त्याला कोऱ्या सिरिंजा दिल्यात आणि उद्याची वेळ सांगितलीत. मी तुमच्यावर मनातून रागावले होते, सिस्टर. आज कबूल करते. त्यावर तुम्ही मला जुने दिवस सांगितलेत : १९९७ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनेच म्हटलं होतं की नशा चालू असलेल्यांना हा उपचार देऊ नये. २००२ मध्ये तो सल्ला बदलला. तेव्हा औषध होतं इंटरफेरॉन, महिनोन् महिने इंजेक्शनं, ताप आणि मन खचवणारी उदासी. "आधी सुटून ये, मग बघू, असं सांगून मी माणसं परत पाठवलीत," तुम्ही म्हणालात. "त्यातली काही पुन्हा आलीच नाहीत." त्यानंतर मी राग धरला नाही.

शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासला. विषाणू सापडला नाही. तो रिपोर्ट त्याने तीनदा वाचला आणि मग तुमच्याकडे बघून विचारलं, "म्हणजे गेला?" तुम्ही म्हणालात, "गेला." अँटिबॉडी मात्र पॉझिटिव्हच राहणार, हे तुम्ही सही-शिक्क्यासह कागदावर लिहून दिलंत. दोन महिन्यांत त्या कागदाचा उपयोग झाला. दात काढायला गेला तर तिथे अँटिबॉडी तपासून त्याला दारातूनच परत पाठवत होते.

परवा घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, आता लिव्हर साफ झालं ना, मग ती गोळी कशाला चालू ठेवता? या वेळी उत्तर मी दिलं. एकदा बरं झालेल्याला हिपॅटायटिस सी पुन्हा होऊ शकतो, त्याच्यावर लस नाही, आणि गोळीमुळे हा संसर्ग होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो. तुमच्याच शब्दांत सांगितलं, थोडं अडखळत.

सिस्टर, तुम्ही मला दोष दिला नाहीत, त्याच्यासमोर तर अजिबात नाही. घरी परतताना तो म्हणाला होता, "ताई माझ्या काळजीनेच वागली असं सिस्टर म्हणाल्या." आमच्यात जे तुटलं असतं ते त्या एका वाक्याने राहिलं. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

डब्याची किल्ली आता त्याच्याकडे असते. वर्षाची आरएनए तपासणी पुढच्या महिन्यात आहे, आम्ही दोघं येऊ. उजव्या हाताची ती शीर अजून चालते.

तुमच्या पेशंटची मोठी बहीण