डॉक्टर मॅडम, तुम्ही नाटक सोडायला सांगितलं नाही

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, भाऊबीजेला नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री वडसा गावच्या नाटक कंपनीचं नाटक. लेकी माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरतं, सोयरिकीसुद्धा याच दिवसांत जुळतात. अशा वेळी नाकाच्या ॲलर्जीवाल्याला जो तो सांगतो, 'तू घरीच राहा ना बाप्पा.' तुम्ही मात्र विचारलंत, 'नाटक किती वाजता सुरू होतं, आणि तुम्ही बसता कुठं?' या एका प्रश्नासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

मी सगळं सांगितलं. शेतात धान चुरणं चालू असतं, त्याचा भुसा हवेत. मंडपात बसायला तणस (धानाचा पेंढा), पटाच्या दाणीची, म्हणजे बैल पळतात त्या पट्टीची, धूळ अजून बसलेली नसते, कडेला शेकोट्या आणि जनरेटरचा धूर. पहिल्या अंकातच शिंका सुटायच्या, नाक चोंदायचं, डोळे चुरचुरायचे. शेजारचे लोक सरकून बसायचे. ते फार लागायचं.

तुम्ही आधी छातीला स्टेथोस्कोप लावून शिट्टीसारखा आवाज येतो का ते पाहिलं, कारण नाकाच्या ॲलर्जीसोबत दमाही असू शकतो. मग फ्लुटिकासोनचा नाकातला स्प्रे दिला आणि बजावलं की त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. म्हणून दिवाळीच्या आधीच सुरू करायचा आणि रोज मारायचा, शिंका आल्या तरच असं नाही. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. हे तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. बाहेर रांग लागली होती, तरी.

आणि गोळी! आधीच्या गोळीनं दुसऱ्या अंकात डोळे मिटायचे. तुम्ही फेक्सोफेनाडिन दिली, तिनं झोप फारशी येत नाही. नाटक पहाटे सुटतं आणि मग अंधारात मोटारसायकल चालवत गाव गाठायचं असतं, याचा विचार तुम्ही केलात. चोंदलेलं नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरायचे नाहीत, नाहीतर ते उलट जास्त चोंदतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. घरी आल्यावर कपडे बदलायचे, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं.

बसायची जागा बदलली: शेकोटीपासून लांब, वारा येतो त्या बाजूला, तोंडाला मास्क. मंडळाच्या पोरांना सांगितलं तर ते संध्याकाळी मैदानात पाणी मारू लागले. त्याचा फायदा लहान लेकरांना आणि म्हाताऱ्यांनाही झाला.

यंदा मी भरतवाक्यापर्यंत बसलो. शिंका आल्या, पण मोजक्या. बायको शेजारी होती, आणि तिला माझ्यासाठी अर्ध्यातून उठावं लागलं नाही.

हे पत्र मी सगळ्यांपुढं लिहितोय, कारण आमच्या प्रत्येक मंडपात रुमाल नाकाला लावून बसलेली माणसं दिसतात. त्यांनी दिवाळीची वाट न पाहता आधीच दवाखान्यात दाखवावं. माझ्या पुतणीलाही सकाळी उठल्याबरोबर शिंका येतात. सोमवारी तिला ओपीडीत घेऊन येतो.

आपला,
झाडीपट्टीतला एक नाटकवेडा शेतकरी