थालीपीठ घेऊन एमसीजीवर

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेश प्रवासावर लेख येतात ते मी नेमाने वाचते, कात्रणं पण ठेवते, पण त्यात तेच ते असतं हो, म्युझियम, बोटीतून फेरी, मॉल आणि इंडियन जेवण कुठे मिळेल. आता मुलाकडे-मुलीकडे तीन-तीन सहा-सहा महिने जाऊन राहणारे आमच्यासारखे आईबाप गल्लोगल्ली झालेत, त्यांना कोणीतरी सांगायला हवं की बाबांनो एक दिवस तिथल्या लोकांचा खेळ बघायला ग्राउंडवर जा. तुम्हाला त्यातलं काही कळत नसलं तरी जा. मला तर क्रिकेटमधलं एलबीडब्ल्यूसुद्धा अजून धड कळत नाही, आणि तरी हे पत्र मी लिहितेय, आमचे हे नाही.

झालं असं की लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं मेलबर्नला गेलो होतो. (नात आता बालवाडीत जाते, म्हणजे जरा जुनी गोष्ट आहे.) ह्यांना मेलबर्न म्हणजे एकच गोष्ट ठाऊक, एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. विमानात शेजारच्या बिचाऱ्या मुलाला तीन वेळा ऐकवून झालं की २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला आपण ३६ वर ऑलआउट झालो, कोहली घरी परतला, आणि पुढच्याच टेस्टला मेलबर्नला आपल्या अजिंक्य रहाणेनं कॅप्टन म्हणून ११२ मारले आणि मॅच ८ विकेटनी काढली. त्याला म्हणे तेव्हा सामनावीराचं मुलाग मेडल मिळालं, ते पहिल्यांदाच दिलं गेलं होतं. जॉनी मुलाग म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक मोठा ऑलराउंडर, १८६८ साली त्यांची टीम इंग्लंडला खेळायला गेली होती त्यात तो होता. हे मला आता इतकं पाठ झालंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

पण आम्ही गेलो जुलैत, म्हणजे तिकडे कडाक्याची थंडी आणि क्रिकेट बंद. ह्यांचा चेहरा बघवेना. जावई म्हणाला, "बाबा, एमसीजी बघायचंय ना, मग फूटी बघायला चला की." फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, तिकडे मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तोच चालतो आणि मेलबर्न त्यापायी वेडं आहे. ह्यांनी आधी नाक मुरडलं. "देवळात जायचं आणि देव गावाला गेलेला," म्हणे.

शनिवारी दुपारी कॉलिंगवूड आणि रिचमंड या दोन टीमची मॅच होती. लेक बाळाला घेऊन घरीच थांबली आणि मी सवयीप्रमाणे सकाळी उठून डबा केला, थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी, थोडा चिवडा, आणि मग एकदम आठवलं आणि हात थांबला. जावयाला विचारलं, अरे पण डबा आत सोडतील का? तो म्हणाला, "आई, न्या की, इथे खाणं नेऊ देतात. फक्त काच, कॅन आणि दारू नाही."

हात का थांबला ते सांगते, कारण सगळं पत्र त्यासाठीच आहे. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही आपल्याकडच्याच एका मोठ्या स्टेडियमवर वनडे बघायला गेलो होतो, कुठलं ते विचारू नका. साडेतीन हजाराचं एकेक तिकीट. भर उन्हात दीड तास लाइन आणि गेटवर एक निळा ड्रम ठेवलेला, त्यात सगळं टाकायचं. माझी पाण्याची बाटली गेली, रिकामी करून दाखवली तरी गेली, फणी गेली, पर्समधली सुट्टी नाणी गेली, माझ्या पुढच्या बाईच्या बाळाची दुधाची बाटली सोडतायत की नाही यावर पाच मिनिटं चर्चा झाली, आणि माझा डबा गेला. गाडी कोसभर लांब लावलेली, परत ठेवून येणार कुठे? आत गेल्यावर प्यायचं पाणी छोट्या ग्लासातून विकत, सीटवर कबुतरांची कृपा, ती मी ओढणीनं पुसली. सामोसा विचारला तर संपलेला. आपण मॅच जिंकलो असू बहुतेक, मला डोकेदुखीच आठवते.

तर एमसीजी. आम्ही गावातून नदीच्या बाजूनं एका लांबलचक पादचारी पुलावरून चालत गेलो, विल्यम बराक पूल म्हणतात, हाही तिथल्या मूळ लोकांचा एक मोठा पुढारी. पुलावर माणसांचा नुसता लोंढा, गळ्यात आपापल्या टीमचे मफलर, आजोबा-नातू, पोरी-पोरी, प्रॅममधली बाळं. आणि एका टीमचे लोक इकडून, दुसऱ्या टीमचे तिकडून असं काही नाही, सगळे एकातच मिसळलेले. ग्राउंडबाहेर ब्रॅडमन, लिली, शेन वॉर्न यांचे पुतळे आहेत, वॉर्नजवळ ह्यांचे फोटो काढता काढता माझी बोटं गारठली. याच ग्राउंडवर २००६ च्या बॉक्सिंग डेला त्याची ७०० वी विकेट पडली म्हणे, आणि तरुणपणी तो हाच फूटी खेळायचा, त्यात जमलं नाही म्हणून क्रिकेटकडे आला. हे ऐकल्यावर ह्यांचं फूटीबद्दलचं मत जरा सुधारलं.

गेटवर बॅगा तपासतातच, त्यात काही वावगं नाही. एका तरुण मुलीनं माझी पिशवी उघडली, डबा बाहेर काढला, झाकण उघडलं. माझ्या पोटात गोळा. तिनं वास घेतला, "वॉव, हे काय आहे?" मी म्हटलं थालीपीठ. तिला ते काही उच्चारता आलं नाही, पण झाकण नीट लावून डबा सरळ ठेवून पिशवी परत दिली, तेल सांडू नये म्हणून आडवा नाही हं ठेवला. ह्याला दहा सेकंदं लागली असतील. पाण्याच्या बाटलीकडे तर बघितलंही नाही, आत जागोजागी नळ आहेत, संपलं की भरून घ्या.

आत शिरल्यावर हे पायऱ्यांवरच थांबले. लाखभर माणूस मावतं तिथे, त्या दिवशी साठेक हजार तरी असतील. ते मधोमध काहीतरी शोधत होते. "पिच कुठंय रे?" जावई म्हणाला, "बाबा, पिच उचलून बाहेर नेलंय, उन्हाळ्यात परत आणून बसवतात." ह्यावर ह्यांचा बराच वेळ विश्वास बसेना, देव गावाला गेलाय तो हा असा.

खेळ मला जेवढा कळला तेवढा सांगते. दोन्हीकडे १८-१८ माणसं, ग्राउंड क्रिकेटचंच, लंबगोल बॉल, लाथेनं मारा नाहीतर मुठीनं ठोसा देऊन पास करा, फेकायचा मात्र नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं मारलेला गेला तर ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर १. म्हणजे नेम चुकला तरी बोहनी होते, हे मला फार आवडलं. ६ झाले की खांबांजवळचा अंपायर दोन्ही हातात झेंडे घेऊन हलवतो. आणि उंच उडालेला बॉल झेलायला एकमेकांच्या पाठीवर गुडघे टेकवून उड्या मारतात, गोविंदाच म्हणा ना, फक्त खालच्याला न विचारता. वीस-वीस मिनिटांचे चार डाव, पण घड्याळ थांबत राहतं त्यामुळे एकेक अर्ध्या तासावर जातो. मध्यंतरात एवढुशा पोरांना खऱ्या मैदानावर आणून खेळवतात. आपल्या पोराला तिथे पळताना बघून शेजारचा एक बाप उभा राहून रडत होता, खरंच रडत होता.

माझ्या डाव्या हाताला एक सत्तरीच्या आजीबाई होत्या, काळा-पांढरा मफलर, म्हणजे कॉलिंगवूडवाल्या, आणि त्यांच्या पलीकडे चिकटूनच पिवळ्या-काळ्या रिचमंडचं अख्खं कुटुंब. आजीबाईंनी मला विचारलं, "हू डू यू बॅरक फॉर?" मला वाटलं ओबामाबद्दल काहीतरी विचारतायत. जावयानं सांगितलं, तुम्ही कोणाच्या बाजूनं असं विचारतायत, इकडे तोच शब्द आहे. मी म्हटलं अजून कोणाच्याच नाही. तर त्यांनी सरळ आपला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला! मग काय, थालीपीठाचा तुकडा द्यावाच लागला. चटणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पण दुसरा तुकडा मागितला, आणि तिसरा त्यांनी स्वतःच त्या रिचमंडवाल्यांच्या पोराला दिला, ज्यांना त्या अर्धा तास शिव्या घालत होत्या. खेळाडूला बॉलसकट पकडलं की साठ हजार माणसं एका दमात "बॉऽऽऽल!" असं ओरडतात, आपल्याकडे बोलर "हाऊझॅट" म्हणतो तसं, पण इथे सगळं स्टेडियम अपील करतं. तिसऱ्या डावापर्यंत हे उभे राहून ओरडायला लागले होते, नियम काडीचा कळत नसताना. कोण जिंकलं ते मुद्दाम लिहीत नाही, आजीबाईंना वाईट वाटेल. मॅच संपल्यावर रिचमंड स्टेशनवर ट्रेनला गर्दी होती पण ढकलाढकली नाही, दोन्ही रंगांचे मफलर एकाच डब्यात, एकमेकांना टोमणे मारत घरी चाललेले.

मी उगाच परदेशाचे गोडवे गात नाही. तिकडे आतलं खाणं महाग आहे, बटाट्याचे चिप्स सोडले तर शाकाहारी माणसाचे हाल आहेत, आणि माझ्या मागचा माणूस बियर पिऊन जे बोलत होता ते जावयानं मला भाषांतर करून सांगितलं नाही. आणि आपल्याकडे कडक का असतात तेही कळतं. मुंबईकराला सुरक्षेबद्दल मी काय सांगू? शिवाय १९९६ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला कोलकात्याला लोकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली आणि मॅच श्रीलंकेला द्यावी लागली, हे आमच्या घरी कोणी विसरत नाही. बाटली नको, कबूल. नाणी नकोत, कबूल. पण पोळी? थालीपीठ फेकून कोणाला इजा झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माझा भाचा जपानला गेला होता, कोशिएन स्टेडियमवर हानशिन टायगर्स या टीमची बेसबॉल मॅच बघितली त्यानं, तो सांगत होता तिकडे कॅन घेऊन आलात तर गेटवर कागदी ग्लासात ओतून ग्लास तुमच्या हातात देतात. ड्रमात नाही टाकत. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

मला हे पत्र लिहायचं सुचलं कसं तेही सांगते. एमसीजीच्या आवारात टॉम विल्स नावाच्या माणसाचा पुतळा आहे, हा क्रिकेटर होता, आणि १८५८ च्या जुलैत त्यानं तिथल्या एका पेपरात पत्र पाठवलं की हिवाळ्यात आपले क्रिकेटर नुसते बसून सुस्तावतात, तर एक फुटबॉल क्लब काढा. पुढच्या वर्षी नियम लिहून झाले आणि हा सगळा खेळ उभा राहिला. वाचकाच्या पत्रातून एवढं होऊ शकतं हे वाचल्यापासून माझा हात शिवशिवत होता.

तेव्हा माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. तुमच्या पुरवणीत कोणत्या शहरात कोणत्या महिन्यात काय खेळ चालतो, तिकीट कुठून काढायचं, आत काय नेता येतं, असं एकदा छापा, फूटी, बेसबॉल, आइस हॉकी, काही असो. आमच्या वेळी तीस डॉलरच्या आसपास तिकीट पडलं होतं, तेवढ्यात तिकडे दोघांचं धड जेवण होत नाही. आणि दुसरं, आपल्याकडचे जे कोणी मॅचेस भरवतात त्यांना तुमच्यामार्फत विचारायचंय की येत्या सीझनला एका, फक्त एका मॅचला घरचा डबा आत सोडून बघणार का? प्लॅस्टिकचा चालेल, पारदर्शक चालेल, उघडून हुंगून बघा, आम्ही झाकण काढून उभ्या राहतो.

आता एक खाजगी. त्या ड्रमात गेलेला आमचा डबा साधा नव्हता. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिली टेस्ट झाली, वेस्ट इंडीजची, लॉइडनं नाबाद २४२ मारले आणि आपल्या एकनाथ सोलकरनं सेंच्युरी काढली ती, तेव्हा सासूबाईंनी ह्यांना आणि सासऱ्यांना त्याच डब्यातून पुऱ्या-बटाट्याची भाजी दिली होती, आणि तेव्हा कोणी अडवलं नव्हतं. म्हणून तर हौसेनं तोच नेला होता. स्टीलचा आहे, तीन ताळी, झाकणावर सासूबाईंचं नाव आणि १९६९ साल कोरलेलं आहे, कडी एका बाजूनं ढिली. कोणाच्या घरी पोचला असेल तर कृपया तुमच्या कार्यालयात कळवावं. नुसतं झाकण मिळालं तरी चालेल.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)