चिखलदऱ्याच्या घाटात तपासणी खाली नको, वर करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस पडला की शनिवारी पहाटेपासून नागपूरच्या गाड्या चिखलदऱ्याला निघतात. कोणी अमरावतीवरून जातात, कोणी काटोल-वरूड-मोर्शीकडून, पण परतवाड्याच्या पुढे सगळ्यांना घाटातच शिरावं लागते. विदर्भात आपल्याला थंड हवेचं ठिकाण म्हणून हेच एक आहे, त्यामुळे गर्दी होणारच आणि स्कायवॉकच्या नावाने ती अजून वाढणार, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी स्वतः फॅमिलीला घेऊन गाडी चालवत जाते. पण त्या घाटात जे चालून राहिलं ते बघून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

बंदोबस्त असतो, नाही असं नाही. पण तो बहुतेक पायथ्याशी दिसतो. हेल्मेट, कागदपत्रं, पीयूसी बघतात, पावती फाडतात, गाडी पुढे जाते. हेल्मेटचं चालान झालंच पाहिजे, २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातल्याने ५० हजारांवर माणसं गेली हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. पण पायथ्याशी हेल्मेट घालून शहाण्यासारखा उभा राहिलेला पोट्टा पाच मिनिटांनी आंधळ्या वळणावर काय करून राहिला ते बघायला तिथे कोणी नसतं. आणि संध्याकाळी वरून दारू पिऊन निघालेल्याला तुम्ही खाली परतवाड्याच्या बाजूला पकडलं तर उपयोग काय, तो घाट तर उतरून आला ना, जे व्हायचं असतं ते वरच्या वळणांवर होऊन जाते.

म्हणून माझी एकच मागणी आहे. रविवारी आणि लाँग वीकेंडच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपासून अंधार पडेपर्यंत ब्रेथ ॲनालायझर घेऊन पोलीस चिखलदऱ्याच्या वर, गाव सोडायच्या ठिकाणी उभे पाहिजेत. प्रत्येक ड्रायव्हरची फुंकर घ्या. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की कायदा स्पष्ट आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही. गाडीत दुसरा लायसन्सवाला शुद्धीत असेल तर त्याला चालवू द्या, नसेल तर गाडी तिथेच ठेवा आणि त्यांना रात्रभर वरच थांबवा. रूमचं भाडं लागेल, लागू द्या.

दुसरं म्हणजे घाटात वर-खाली फिरणारी गाडी पाहिजे. एका जागी उभं राहिलं की सगळ्यांना कळते, समोरून येणारे डिपर देऊन सांगतात आणि तेवढ्यापुरते सगळे हळू होतात. पण पोलिसांची जीप कधी मागून येईल, कधी कुठल्या वळणामागे दिसेल याचा नेम नसला की घाटभर स्पीड कमी राहते. ई-चालानचा मेसेज चार दिवसांनी घरी येतो तोवर माणूस विसरलेला असतो, आणि वळणावर चुकीचं ओव्हरटेक केलं हे स्पीडगनला दिसतही नाही, ते माणसालाच बघावं लागते. खतरनाक ड्रायव्हिंगचं कलम १८४ आहे, त्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर मोबाइल हातात धरून चालवणं आणि नियम मोडून ओव्हरटेक करणं हे दोन्ही स्पष्ट घातलेलं आहे. ते लावा.

बायकर ग्रुपबद्दलही लिहिते. माझा भाचा अशाच ग्रुपमध्ये आहे, चांगला मुलगा आहे, जॅकेट-ग्लोव्हज सगळं घालतो. पण पायथ्यापासून वरपर्यंत किती मिनिटांत पोचलो याचं टायमिंग लावतात आणि त्याचे रील टाकतात, हे चूकच आहे. यांना वाटते की दोघांनी शर्यत लावली तरच रेसिंग, पण कलम १८९ मध्ये रस्त्यावर वेगाची चाचणी घेणं हासुद्धा गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत जेल किंवा ५ हजारांपर्यंत दंड. आणि ज्या घरांतून अठरा वर्षं न झालेल्या पोराच्या हातात गाडी दिली जाते त्यांनी लक्षात ठेवा, कलम १९९अ प्रमाणे २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत जेल पालकाला किंवा गाडीच्या मालकाला आहे.

आता आपल्या नागपूरकरांबद्दल, कारण सगळं पोलिसांवर ढकलून चालणार नाही. आपलं गाव सपाट आहे. आपण रिंग रोडवर, वर्धा रोडवर गाडी शिकतो, चढ बघतो तो उड्डाणपुलाचा. घाटात चालवायला कोणी शिकवलेलंच नसते आणि एमएच ३१, ४९ च्या गाड्या तिथे लगेच ओळखू येतात, वळणाच्या तोंडावर आल्यावर ब्रेक मारतात आणि मग गाडी समोरच्याच्या बाजूला जाते. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा असतो, वळणात फक्त वळायचं. ४०च्या जागी ६०ने गेलं तर थोडंसंच जास्त वाटते, पण तेवढ्यात गाडीचा जोर सव्वादोनपट होतो आणि तो सगळा ब्रेकला आणि ओल्या रस्त्यावर टायरला झेलावा लागते.

सगळ्यात जास्त चीड येते ती उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांची. पेट्रोल वाचते म्हणे. नाही वाचत. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला इंधन जाणंच बंद होते, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते. आणि इंजिनच बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जड होते आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. चढायला जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरा, सेकंड तर सेकंड. जळका वास आला तर ब्रेक तापले समजा, जागा बघून थांबा, थंड होऊ द्या, पाणी मारू नका.

आणि तो नियम, जो मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांतल्या फार थोड्यांना माहीत होता. घाटात रस्ता अरुंद असेल तर खालून वर चढणाऱ्या गाडीला आधी जागा द्यायची, उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं. हा केंद्राच्या नियमांत लिहिलेला नियम आहे, चांगुलपणाचा प्रश्न नाही. चढावर थांबलेली भरलेली एसटी पुन्हा उचलायला किती त्रास होतो ते तिच्या मागे उभं राहून बघा. आपले लोक वरून हॉर्न मारत येतात आणि एसटीलाच मागे घ्यायला लावतात. पायथ्याशी पंधरा प्रकारचे बोर्ड लावण्यापेक्षा हा एक मोठ्या अक्षरात लावा, वर आणि खाली दोन्हीकडे.

हा रस्ता फक्त पर्यटकांचा नाही हेही कोणी लक्षात घेत नाही. मेळघाटातले कोरकू लोक त्याच रस्त्याने बाजाराला, दवाखान्यात जातात, बाया डोक्यावर सरपण घेऊन कडेने चालतात, गवळ्यांची जनावरं असतात, धुक्यात ते दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाहीत. गंभीर काही झालं तर पेशंटला आधी तीसेक किलोमीटर खाली परतवाड्याला आणि तिथून पुढे अमरावतीला न्यावं लागते. २०२४ मध्ये सेमाडोहजवळ खासगी बस पुलावरून कोसळली आणि माणसं गेली, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली, दोन दिवस बोललो.

समृद्धी महामार्गावर जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून निघालेली बस पेटली, २५ जण गेले, तेव्हा टायर तपासणी, ड्रायव्हरला समजावणं, कॅमेरे या सगळ्याला जोर आला. म्हणजे मनावर घेतलं की होते. घाटासाठी एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरजही नाही. दोन जीप, चार-पाच ब्रेथ ॲनालायझर आणि वरची जागा, बस्स. १५ ऑगस्टच्या सुट्ट्या धरून जोडून रजा टाकणारे आत्ताच रूम बुक करून राहिले, तेव्हा हे पत्र त्याआधी छापलं तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर