लियान रसेल यांचे ऋण

संपादक महोदय,

क्ष-किरण कक्षाबाहेरची 'गर्भवती असल्यास आधी सांगावे' ही पाटी आपण सगळेच वाचतो. पण तिच्यामागे ज्यांचे संशोधन उभे आहे, त्यांपैकी लियान रसेल यांचे नाव मात्र क्वचितच कानावर पडते. व्हिएन्नात १९२३ मध्ये जन्मलेल्या रसेल यांच्या ज्यू कुटुंबाला नाझींनी १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर देश सोडावा लागला. १९४७ पासून अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत पती विल्यम यांच्यासह त्यांनी किरणोत्सर्गाचे परिणाम उंदरांवर तपासले. गर्भाच्या वाढीच्या नेमक्या कोणत्या दिवशी किरणे पडली, यावर पिल्लात कोणते व्यंग येईल हे अवलंबून असते, असे त्यांनी दाखवले. त्याच आधारे, मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांच्या तातडीच्या नसलेल्या क्ष-किरण तपासण्या पाळी सुरू झाल्यापासूनच्या दोन आठवड्यांतच कराव्यात, असे रसेल दांपत्याने सुचवले. उंदरांमध्ये नरत्व वाय गुणसूत्रामुळे ठरते, हेही १९५९ मध्ये त्यांच्या संशोधनातून पुढे आले. (उंदरांचे एवढे उपकार आपण मानतो कुठे!) २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या विज्ञान पुरवणीत त्यांच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे