फ्लॉवरवरचं जायफळ

वेंगुर्ले,
नागपंचमी

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तू हॉलंडहून पाठवलेला फोटो पाहिला. उकडलेला फ्लॉवर, वर पांढरा सॉस, आणि त्यावर किसलेलं जायफळ. खाली तुझं आश्चर्य: “आई, या मावशी भाजीवर जायफळ किसतात! बीन्सवर सुद्धा!” आजीला दाखवलं. चष्मा लावून तिने नीट बघितलं आणि म्हणाली, “भाजयेत जायफळ? चेडवाक झोप येतली.” आपल्याकडे ते श्रीखंडात, पुरणात, नाहीतर बाळाच्या गुटीत. हॉलंडच्या घराघरात ते रोजच्या भाजीवर कसं पोचलं, हे तुला सांगायचं आहे. फोनवर सांगायला घेतलं की तुझी बस येते, म्हणून पत्र लिहिते आहे.

आज सकाळी पाऊस उघडला तेव्हा माडांखालची जायफळं वेचून आणली. यंदा फळ बरं आहे. तू लहान असताना झाडाखाली बसून फळ उकलायची वाट बघायचीस, आठवतं? पिवळं फळ मधोमध चिरतं आणि आत काळ्या कवचावर ते लालभडक जाळं दिसतं. जायपत्री सोडवताना माझ्या हातून अजून तुकडे होतात. आजीच्या हातून ती अख्खी निघते, आणि सुपात ठेवली की जास्वंद ठेवल्यासारखी दिसते. उन्हाचा भरवसा नाही, म्हणून सगळं चुलीच्या वर वाळत टाकलंय. आतलं बी कवचात खुळखुळायला लागलं की झालं.

पण ही झाडं मूळची आपली नव्हेत. जायफळ आपल्याला शेकडो वर्षं ठाऊक आहे, आयुर्वेदात जातीफल म्हणून ते येतं, पण यायचं ते जहाजातून. झाड वाढायचं फक्त पूर्वेकडे, आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर. आपल्या सावंतवाडीजवळच्या बांद्याशी त्याचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. दहा-अकरा चिमुकली बेटं, मधोमध ज्वालामुखी. तिथल्या रानात कबुतरं अख्खं जायफळ गिळून बी लांब नेऊन टाकतात आणि झाडं आपोआप उगवतात. तांदूळ मात्र तिथे पिकत नसे. बांदाची माणसं जायफळ द्यायची आणि जावाच्या, मलायाच्या, पुढे इंग्रजांच्याही जहाजांतून तांदूळ, कापड घ्यायची. कोणी एकाच गिऱ्हाइकाला बांधून घेतलं असतं तर उपाशी मरायची वेळ आली असती.

वलंदेजांना नेमकं तेच हवं होतं. वलंदेज म्हणजे डच, आपल्या जुन्या मराठी कागदांत त्यांचं हेच नाव येतं. १६०२ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनी काढली. आम्स्टरडॅममध्ये मोलकरणींपासून व्यापाऱ्यांपर्यंत कोणालाही तिचे शेअर घेता आले. वर सतरा जणांचं संचालक मंडळ, आणि या मंडळाला परदेशात किल्ले बांधायचे, सैन्य ठेवायचं, तह करायचे, युद्ध पुकारायचे अधिकार. कंपनी आणि राज्य यांतली रेघच पुसली गेली. बांदाच्या वडीलधाऱ्यांकडून त्यांनी करारावर सह्या घेतल्या, की जायफळ आम्हालाच विकायचं. तो करार ज्या भाषेत लिहिला होता ती भाषा सही करणाऱ्यांना येत नव्हती.

कंपनीचा यान पीटरसोन कून नावाचा अधिकारी होता. १६१४ मध्ये त्याने संचालकांना लिहिलं, की युद्धाशिवाय व्यापार चालत नाही आणि व्यापाराशिवाय युद्ध. १६२१ मध्ये तो स्वतः आरमार घेऊन बांदावर उतरला. गावं जाळली. जपानहून आणलेल्या भाडोत्री तलवारबाजांकडून बेटाच्या ४४ प्रमुखांना कापून काढलं. बाय, तिथे साधारण १५,००० माणसं राहत होती असं मानतात. उरली हजारभर. काही मेली, काही डोंगरात उपाशी गेली, काहींना गुलाम करून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेलं.

मग रिकाम्या बेटांवर कंपनीने जायफळाच्या रानाचे ६८ तुकडे पाडले आणि आपल्याच जुन्या नोकरांना वहिवाटीला दिले. फळं वेचायला गुलाम आणले, निरनिराळ्या किनाऱ्यांवरून, हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरूनसुद्धा. दुसरीकडे कोणी बी रुजवू नये म्हणून जायफळं चुन्यात बुडवून मगच जहाजात भरत.

मी ३० वर्षं शाळेत इतिहास शिकवला. “डचांनी मसाल्याच्या बेटांवर ताबा मिळवला,” हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले आणि मुलांनी ते उतरवून घेतलं. ताबा मिळवला म्हणजे काय केलं, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर वाचलं तेव्हा मला त्याची फार टोचणी लागली, आणि ती अजून आहे. म्हणून निदान तुला तरी सगळं सांगते.

त्यातली एक गोष्ट मी आजीलाही सांगितली, तर ती हातातलं काम थांबवून ऐकत राहिली. जी थोडी माणसं होड्यांतून निसटली ती पूर्वेला केई बेटांवर गेली. तिथे त्यांनी गाव वसवलं आणि नाव दिलं बांदा एली. आज ४०० वर्षांनंतरही त्या गावात जुनी बांदाची भाषा बोलतात. खुद्द बांदात ती कोणी बोलत नाही. तिथे आता बाहेरून आणलेल्यांचे, वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या लोकांचे वंशज राहतात. आजीने विचारलं, “मगे तेंका आपली झाडां आठवत असतली?” मला उत्तर देता आलं नाही.

आता वेंगुर्ल्याकडे येते. तू शाळेत असताना आपण दोघी डच वखारीत गेलो होतो. चिऱ्याच्या जाडजूड भिंती, खिडक्यांची उंच भगदाडं, आणि भिंतीच्या फटीतून उतरलेली झाडाची मुळं. तू त्या मुळांना धरून वर चढायचा प्रयत्न केलास म्हणून मी ओरडले होते. ती वखार म्हणजे याच कंपनीचं ठाणं. १६३७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहाच्या परवानगीने ती सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षापासून पावसाळा संपला की वलंदेजांचं आरमार गोव्यात मांडवीच्या तोंडाशी नांगर टाकायचं, पोर्तुगीजांचं एकही जहाज आत-बाहेर होऊ नये म्हणून, आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की उठायचं. इतके महिने समुद्रात राहणाऱ्या माणसांना गोडं पाणी, सरपण, अन्न कुठून मिळणार? वेंगुर्ल्याहून. १६४८ मध्ये ताव्हेर्निए हा फ्रेंच प्रवासी सुरतेहून एका डच जहाजातूनच इथे उतरला. त्याच्या पुस्तकात आपल्या गावाचं नाव मिंग्रेला असं पडलंय.

म्हणजे आपल्या विहिरींचं पाणी ते लोक प्यायले आहेत. इथल्या बाजारात त्यांनी मिरी घेतली. आपल्या गावच्या माणसांना त्यात चार पैसे मिळाले असतील, आणि बांदाला काय झालं हे त्यांच्या कानावरही आलं नसेल.

या वखारीतले लोक सारखी पत्रं लिहीत. कुठला सरदार कुठे निघाला, कुठला किल्ला पडला, भाव काय. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा वृत्तांतही १६७४ मध्ये वेंगुर्ल्याहून गेलेल्या एका डच पत्रात आहे. ती सगळी दप्तरं आज हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवली आहेत. कंपनीचे कागद एकापुढे एक लावले तर किलोमीटरभराहून लांब भरतात. तुला सुट्टीत वेळ मिळाला तर बाहेरून तरी ती इमारत बघून ये. वेंगुर्ल्याच्या मातीत बसून लिहिलेला कागद तिथे आहे, हे मनात आलं तरी मला भरून येतं. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडे विट्सेन नावाच्या जुन्या डच संग्राहकाचा चित्रसंग्रह आहे, त्यात महाराजांचं गोवळकोंड्याच्या शैलीतलं एक जुनं चित्र आहे. तेही विचारून बघ.

आणि एक गोष्ट मला तुझ्या मनात कायमची राहायला हवी आहे. १६७७ मध्ये महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर गेले, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या वलंदेजांनी व्यापाराचा कौल, म्हणजे लेखी परवाना, मागितला. महाराजांनी दिला. पण त्यात एक कलम असं होतं, की आधीच्या अमलात तुम्ही इथून बायाबापड्या, पुरुष विकत घेऊन जहाजाने नेत होतात आणि कोणी अडवत नव्हतं. माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही, नेऊ लागलात तर माझे लोक अडवतील. हा कौल डच कागदांतच टिकून राहिला, म्हणून आपल्याला कळतो. ज्या किनाऱ्यावरून माणसं बांदाच्या मळ्यांत जात होती त्याच किनाऱ्याबद्दलचं हे कलम आहे. कंपनीच्या कारकुनाने ते उतरवून घेतलं तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल, असा विचार मी पुष्कळदा करते.

बांदातल्या रून नावाच्या बेटावरून इंग्रज आणि डच बरीच वर्षं भांडले. १६६७ मध्ये ब्रेडाला तह झाला. त्यात रून डचांकडे राहिलं आणि अमेरिकेतलं न्यू ॲम्स्टरडॅम इंग्रजांकडे, जे त्यांनी तीन वर्षं आधीच घेतलं होतं. तेच आजचं न्यूयॉर्क. ब्रेडा तुझ्यापासून फार लांब नाही. याच तहात दक्षिण अमेरिकेतलं सुरीनाम डचांकडे राहिलं. पुढे १८७३ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडची हजारो माणसं करारावर उसाच्या मळ्यांत तिकडे नेली. हेगमध्ये तुला जी हिंदीसारखी भाषा बोलणारी आजी भेटली आणि जिने तुला रोटी खाऊ घातली, ती त्यांच्यातली.

तू लिहिलं होतंस, इथली माणसं सरळ आहेत, वेळेची पक्की आहेत, पाण्याशी झगडून त्यांनी जमीन कमावली आहे. ते खरंच आहे, आणि तू तिथे शिकते आहेस याचा मला आनंद आहे. तुझ्या मावशी तुला ताप आला तेव्हा रात्रभर जागल्या, हे मी विसरणार नाही. कूनचं पाप त्यांच्या माथी मारायचा मला काही अधिकार नाही. पण तो फ्लॉवर खाताना तुला बांदा एली हे नाव माहीत असावं, एवढं मला वाटतं.

कूनचा जन्म हॉर्नचा. तिथल्या चौकात त्याचा पुतळा १८९३ पासून उभा आहे. लोकांनी विरोध केला, वाद झाले, आणि आता त्याने बांदात काय केलं याचा उल्लेख असलेली पाटी तिथे लावली आहे. एका रविवारी जा, रेल्वे जाते. पाटीचा फोटो नको, त्यावर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द मराठीत करून मला लिही. मेलेल्या माणसांचा आकडा दिलाय का, आणि ‘मारले’ असं लिहिलंय की दुसरा काही शब्द वापरलाय, ते मला बघायचं आहे.

आज पातोळ्या केल्या. तुझ्या वाटच्या दोन आजीने हळदीच्या पानात तशाच ठेवल्या आहेत, संध्याकाळी काढून बाबांना देईल. जायफळाच्या सालींचं लोणचं मुरतंय. मावशींना माझा नमस्कार सांग आणि विचार, त्या जायफळ कवचासकट आणतात की सोललेलं. सोललेलं आणत असतील तर मी आपल्याकडची पाच-सहा कवचासकट पाठवते. त्यांनी कानाशी धरून ती खुळखुळवून बघावीत.

तुझी,
आई

ता. क. आजी विचारते, फ्लॉवर खाल्ल्यावर झोप आली का?