‘शहरात वेग कुठे असतो?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हेल्मेटचा विषय निघाला की पुण्यात लगेच दोन तट पडतात आणि चर्चा दंडाच्या पावतीपाशी येऊन थांबते. १ जानेवारी २०१९ पासून कारवाई कडक झाली तेव्हा झालेली निदर्शने वाचकांना आठवत असतील. विरोधकांचा ठेवणीतला मुद्दा तेव्हाही होता, आजही आहे: हायवेवर ठीक आहे हो, पण लक्ष्मी रस्त्यावर वेगच मुळात वीस-पंचवीसचा, तिथे कसलं हेल्मेट?

दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी जागेवर उभी असली आणि माणूस नुसता आडवा पडला, तरी तेवढ्या उंचीवरून येणारं डोकं ताशी १९ ते २० किलोमीटर वेगाने डांबरावर किंवा दुभाजकाच्या कडेवर आदळू शकतं. सिग्नलला उभं असताना मागून रिक्षाचा धक्का लागून तोल गेला तरी एवढं होतं. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही.

हेल्मेटमध्ये खरं काम बाहेरचं चकचकीत कवच करत नाही, आतला थर्माकोलसारखा दिसणारा ईपीएसचा थर करतो. तो चेपतो, त्यामुळे डोकं एकदम न थांबता क्षणभर उशिरा थांबतं. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही कोरं दिसलं तरी बाद समजावं. पदपथावर स्वस्तात मिळणाऱ्या टोप्यांत हा थर नसतोच, स्पंज असतो. अंगठ्याने दाबून पाहा, कळेल. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह (आयएस ४१५१) सक्तीचं आहे. स्टिकर कुणीही छापतो, पण त्याखालचा ‘सीएम/एल’ क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना कोणत्या उत्पादकाचा ते दिसतं. विकत घेण्याआधी एवढं दुकानातच करावं.

मापाकडे तर कुणी बघतच नाही. शिंपी वापरतो ती टेप भुवयांच्या किंचित वरून डोक्याभोवती फिरवा. ५८ सेंटीमीटर आलं तर ५८०, म्हणजे मीडियम. ६० आलं तर ६००, म्हणजे लार्ज. हेल्मेट घालून मान हलवली तर गालाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नाही. मग मागून वर-पुढे ढकलून पाहा. कपाळावरून निघून आलं तर पहिल्याच धक्क्याला ते उडणार. स्कार्फ बांधून त्यावर हेल्मेट घालणाऱ्यांनी माप स्कार्फसकट घ्यावं, आणि अंबाडा असेल तर तो खाली, मानेवर बांधावा. पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट फक्त चौकातल्या पोलिसापासून वाचवतं.

मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट हवंच. त्याच्या हातात हँडल नसतं आणि पुढचा खड्डा त्याला दिसत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. शाळेच्या वेळी स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभी पोरं बघून तो कुणाच्या गावीही नाही असं वाटतं. जोरात ब्रेक लागला की त्या पोराचं तोंड थेट हँडलवर जातं.

आता ब्रेक. ‘पुढचा ब्रेक लावला की गाडी पलटते’ ही समजूत इतकी मुरली आहे की अनेक जण आयुष्यभर फक्त मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक लगेच जाम होऊन घसरतं. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं साधारण सत्तर टक्के काम पुढचं चाकच करतं. गाडी पडते ती पुढचा ब्रेक झटक्यात आवळल्याने, किंवा हँडल वळलेलं असताना वा खडीवर असताना तो लावल्याने. हँडल सरळ ठेवून आधी हलका दाब द्यावा, वजन पुढे आल्याचं जाणवलं की दाब वाढवावा. स्कूटरवर सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी सोय) असेल तर डावा लिव्हर थोडा पुढचा ब्रेकही लावतो, पण तेवढ्यावर भागत नाही, उजवाही लागतो. मोकळ्या जागेत ताशी ३० वरून याचा सराव करावा, रस्त्यावर प्रसंग आल्यावर नव्हे.

लिव्हरला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक दाबून धरा आणि ड्रमजवळच्या आर्मवरचा बाण बघा. तो खुणेला टेकला म्हणजे लायनर संपले. त्यानंतर नट आवळून मिळणारा ब्रेक फसवा असतो. डिस्कचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलावं. सिंहगड किंवा दिवे घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर मऊ पडतो. स्कूटरला वेग कमी असताना इंजिनाचा ब्रेक जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे घाटात ब्रेक सतत धरून ठेवण्यापेक्षा लावून सोडत उतरावं, आणि मध्ये थांबून ड्रम गार होऊ द्यावा.

टायरची हवा आठवड्यातून एकदा, गाडी गार असताना बघावी. ११० सीसी स्कूटरला एकटा माणूस असेल तर साधारण पुढे २२ आणि मागे २९ पीएसआय. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. खाचांमधल्या उंचवट्यांना रबर टेकलं की टायर संपला. बाजूला कोरलेले चार आकडे उत्पादनाची तारीख सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा. खाचा शिल्लक असूनही रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर पावसात पकड राहत नाही.

ताशी ४० वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. डोळ्यांनी बघून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर थांबायला एकूण सुमारे २० मीटर लागतात, ओल्यावर २७ च्या आसपास. ताशी ६० ला हेच ३७ आणि ५२ होतात. पीएमपीची मोठी बस १२ मीटरची, त्यावरून अंदाज घ्या. पहिल्या पावसात ऑइल वर येतं. झेब्राचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं आणि खोदकामावरच्या लोखंडी प्लेटा यांच्यावरून गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता जावं.

टँकर आणि काँक्रीट मिक्सरच्या डाव्या अंगाला तर कधीच घुसू नये. डावीकडे वळताना त्यांची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, आणि ड्रायव्हरला तो कोपरा दिसत नाही.

खड्डे, न रंगवलेले गतिरोधक, निसरडे पेव्हर ब्लॉक यांची जबाबदारी महापालिकेची आहे आणि तिला जाब विचारलाच पाहिजे. मात्र खड्ड्यांनी ढिला झालेला कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदलायला महापालिका येणार नाही. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर तो गेलेला आहे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अपघाताच्या बातमीत ‘हेल्मेट नव्हते’ एवढंच येतं. पट्टा लावलेला होता का, मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं का, टायर आणि ब्रेक कोणत्या स्थितीत होते, हे पोलिसांना विचारून छापावं.

– एक दुचाकी मेकॅनिक, नाना पेठ, पुणे