घरे बांधा, पण आधी शेत पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील इंग्लंडच्या हरितपट्ट्यावरील, म्हणजे शहरांभोवती बांधकामावर बंधने असलेल्या मोकळ्या जमिनीवरील, लेख वाचला. तेथे घरांची गरज आहे, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र सौर पॅनेल, हीट पंप आणि ऊब धरून ठेवणाऱ्या भिंती असल्या की वस्ती शाश्वत झाली, हे लेखकाचे गृहीतक मला मुळीच मान्य नाही, कारण त्यात घरांखाली जाणाऱ्या जमिनीचा विचारच नाही.

बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्री यांच्यामधल्या हरितपट्ट्यात मी सहा वर्षे राहिले. आमच्या घरामागच्या कुरणात मध्ययुगीन नांगरटीचे सरी-वरंबे गवताखाली शाबूत होते. हिवाळ्यातले तिरपे ऊन पडले की सगळे शेत रेघारेघांचे दिसे. कडेला हॉथॉर्न आणि हेझेलचे जुने जिवंत कुंपण होते व त्याच्या बुडाशी पाणी वाहून नेणारा चर. तेथे घरांचा प्रस्ताव आला तेव्हा आम्ही काही शेजाऱ्यांनी लेखी हरकत नोंदवली. ती घरांना नव्हती, आखणीला होती. कुंपण आणि चर जागेवर ठेवून रस्ता त्यांच्या कडेने न्यावा, एवढेच आमचे मागणे होते. मंजूर आराखड्यात रस्ता कुंपणाला छेदूनच गेला. १९९७ च्या नियमांनी जुन्या कुंपणांना संरक्षण दिले आहे खरे, पण मंजूर बांधकामासाठी कुंपण काढावे लागत असेल तर ते संरक्षण लागू होत नाही. सकाळी यंत्र आले आणि दुपारी तेथे काही उरले नव्हते. चर बुजवला गेला, आणि पुढच्याच हिवाळ्यात खालच्या रस्त्यावर पाणी तुंबू लागले. ते कुंपण आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना जैवविविधतेत किमान १० टक्के भर घालणे बंधनकारक झाले, याचे मी स्वागतच करते; पण तो हिशेब अधिवासांचा आहे, सरी-वरंब्यांची त्यात नोंद होत नाही. डिसेंबर २०२४ च्या धोरणात आलेला ‘ग्रे बेल्ट’, म्हणजे हरितपट्ट्यातील बांधकामाला तुलनेने सहज खुली होणारी जमीन, ठरवताना शहरांचा फैलाव, शहरे एकमेकांना भिडणे आणि ऐतिहासिक शहरांचा परिसर या बाबी तपासल्या जातात; ग्रामीण भागावरील अतिक्रमण रोखण्याचा हरितपट्ट्याचा मूळ हेतू त्या व्याख्येत घेतलेलाच नाही. लेखात याचा उल्लेख हवा होता.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही लिहिणे भाग आहे. ते लेक डिस्ट्रिक्टचे होते. तो हरितपट्टा नव्हे, राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत. हरितपट्ट्यातली पुष्कळशी जमीन साधी शेते आणि कुरणे आहे. तिच्याकडे पाहायला कोणी मुद्दाम येत नाही, म्हणूनच ती नकाशावर कोरी समजली जाते. पुढील वेळी कृपया अशाच एखाद्या शेताचे छायाचित्र छापावे.

आपली नम्र,
एक वाचक